डाव्या डोळ्यातला ठिपका

माझ्या मुलाने बनवलेल्या यंत्रणेचं नाव जगभर आपल्या शब्दात घेतात, हे मी स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो. पासपोर्टच्या फोटोला आलेल्या माणसाला ‘मान सरळ, हनुवटी खाली’ म्हणता म्हणता सांगायचो. फिनलंडमध्ये, ब्राझीलमध्ये, जपानमध्ये लोक फोन हातात घेतात आणि म्हणतात, स्फटिक कर. उच्चार कसाही करोत, शब्द आपला आहे. एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी ‘तो शब्द मुळात संस्कृत आहे हो’ असं मला सुनावलं, तेव्हा त्यांच्या फोटोतली दुसरी हनुवटी मी जागच्या जागी राहू दिली.

मी मल्लिनाथ हिंगमिरे. बार्शीच्या जुन्या भाजी मंडईमागे आमचा दीप्ती फोटो स्टुडिओ आहे. १९८५ साली, अठरा वर्षांचा असताना, मी इथे रिटचर म्हणून लागलो आणि पुढे म्हाताऱ्या मालकांनी स्टुडिओ माझ्याच गळ्यात घातला. आता २०४६ चालू आहे. माझा हात अजून थरथरत नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे बढाई आहेच, पण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

रिटचर म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. फोटो फिल्मवर निघायचे तेव्हा निगेटिव्ह उतरत्या काचेवर ठेवायची, खालच्या आरशातून उजेड घ्यायचा आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने तिच्यावर काम करायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. पेन्सिलीचा बारीक ठिपका दिला की प्रिंटवर तो पांढरा उमटतो, बारीक चाकूने खरवडलं की तिथे काळं येतं. देवीचे व्रण, सुरकुत्या, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या काचेवर नाहीसं व्हायचं. मला हे गफूरमामा मणियार यांनी शिकवलं. मामा म्हणायचे, “डोळा सांभाळ रे मल्लू. नाक चुकलं तर गिऱ्हाईक भांडतंय, डोळा चुकला तर गिऱ्हाईक गप बसतंय आन् परत येत न्हाई.”

डोळा जिवंत दिसतो तो बुबुळात चमकणाऱ्या ठिपक्यामुळे. समोरच्या दिव्याचं किंवा खिडकीचं ते प्रतिबिंब असतं. ठिपका नसेल तर माणूस मेल्यासारखा दिसतो. असे हजारो ठिपके मी हाताने दिले. प्रत्येक प्रिंटच्या मागे आमचा रबरी शिक्का असायचा : नंबर, तारीख, रिटच. रिटचपुढे ज्याने काम केलं त्याने सही करायची, हा मालकांचा नियम. निम्म्या बार्शीच्या भिंतींवर, फोटोच्या पाठीमागे, माझी सही टांगलेली आहे.

आता मुलाचं काम. सिद्धेश आम्हाला उशिरा झाला, मी बेचाळीस वर्षांचा असताना. पुण्याला इंजिनिअरिंग केलं आणि फिनलंडमधल्या औलू गावी एका कंपनीत लागला. तिकडे त्याने आणि त्याच्या चार सहकाऱ्यांनी स्फटिक बनवलं. नाव त्याने सुचवलं आणि मतदानात तेच निवडून आलं.

त्याने मला ते समजावलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून त्याच्या पाठीवर थाप मारली होती. पूर्वी फोनवरून फोटो पाठवला की तो दाबून, आकसून जायचा. दहा जणांच्या हातून फिरला की चेहऱ्याचा चिखल व्हायचा. लग्नाचे अल्बम असे वाया गेलेले मी पाहिले आहेत. फोटो मूळचा तसाच पाठवायचा तर फाइल अवजड, आणि अब्जावधी फोन रोज फोटो पाठवणार, मग नेटवर्क गुदमरणार. सिद्धेशने वेगळीच वाट काढली. त्याचं स्फटिक फोटो पाठवतच नाही. ते फोटोचं एक बारीकसं पत्र लिहितं : अमुक माणूस, अमुक खोली, उजेड डावीकडून, ओठ इतके उघडे, केसाची बट कपाळावर. पलीकडच्या फोनने त्या माणसाचे शेकडो फोटो आधी पाहिलेले असतात, त्याचा चेहरा पाठ केलेला असतो. पत्र वाचून तो फोटो नव्याने रेखाटतो. अपेक्षेपेक्षा वेगळं काही असेल, नवा शर्ट, कापलेली दाढी, तर तेवढा फरक पत्रात नोंदवलेला असतो. आणि धूळ, चकाकी, फ्लॅशमुळे आलेले लाल डोळे, असल्या बारीकसारीक फरकांना दोष समजून ते सोडून देतं. चिमूटभर पत्रातून भिंतीएवढा फोटो, पापणीचा केस न् केस मोजता येईल असा.

“म्हणजे माझंच काम करतंय की तुझं मशीन,” मी म्हणालो होतो.

“तुमचंच बघून शिकलो, अप्पा,” तो म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता.

पुढे पुढे फोनच्या पोटातही फोटो राहीनासे झाले. जागा वाचवायला फोन स्वतः काढलेल्या फोटोचंही पत्रच जपून ठेवू लागला. व्हिडिओ कॉलवरचे चेहरेही स्फटिकच रेखाटू लागलं. सगळे छान दिसू लागले. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. मला तर नाहीच नाही.

आमच्याकडे पालथ्या बाळाच्या फोटोची पद्धत आहे. मूल पालथं पडून मान वर धरायला लागलं की त्याला चादरीवर उघडं ठेवायचं आणि फोटो काढायचा. बार्शीतल्या तीन पिढ्या माझ्या स्टुडिओत अशा पालथ्या पडलेल्या आहेत. त्यातले काही जण पुढे नगरसेवक झाले आणि तो फोटो विकत घ्यायला आले. सिद्धेशचा मी काढला तेव्हा सगळीकडे डिजिटल आलं होतं, तरी मी हट्टाने फिल्मवर काढला आणि हाताने रंगवला. वीस बाय चोवीस इंचांची ती फ्रेम अजून काउंटरमागे आहे. तिच्या शेजारची जागा नातीसाठी राखलेली होती.

नात गिरिजा, आमची गिजू, औलूलाच जन्मली. साडेसात महिन्यांची झाली तेव्हा सूनबाईने, मयूरीने, तिला खिडकीपाशी गोधडीवर पालथं घातलं आणि फोटो पाठवला. मार्च महिना, बाहेर बर्फ, आणि त्या देशातलं तिरपं कोवळं ऊन तिच्या गालावर पडलेलं. इतकं निर्मळ चित्र मी आयुष्यात काढलं नसेल. स्टुडिओच्या मोठ्या प्रिंटरवर मी त्याचा वीस बाय चोवीस काढला.

माझ्या बायकोने, महानंदाने, बोटं मोडून त्याची दृष्ट काढली. “अवो, आता ह्येच्यात काय करू नगा. हाय तसंच लावा.”

“बघतो नुसतं,” मी म्हणालो आणि भिंग घेतलं. साठ वर्षांची खोड, भिंग लावल्याशिवाय प्रिंट बाहेर जात नाही.

उजव्या डोळ्यात खिडकी होती. अगदी छोटी, चौकोनी, मधला आडवा दांडासुद्धा दिसत होता. मी भिंग डाव्या डोळ्यावर नेलं. तिथे खिडकी नव्हती. तिथे एक गोल ठिपका होता.

मी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि परत पाहिलं. दोन डोळे, एकच खिडकी, एकच ऊन. एकात चौकोन आणि दुसऱ्यात गोल, असं प्रतिबिंब पडत नाही. तो ठिपका नेमका होता, स्वच्छ होता, जिथे द्यायला हवा तिथेच दिलेला होता. मी दिला असता तर तसाच दिला असता.

मी गिजूचे आधीचे फोटो काढून बसलो. जन्मापासूनचे सगळे होते. पहिल्या चार महिन्यांत दोन्ही डोळ्यांत सारखंच काही ना काही होतं, खिडकी, दिवा, आईच्या मोबाईलचा उजेड. पाचव्या महिन्यापासून डाव्या डोळ्यात गोल ठिपका सुरू झाला. कधी कधी नसायचा, पण खिडकीसमोर काढलेल्या प्रत्येक फोटोत होता. उजव्यात एकदाही नव्हता.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही माझ्या अभिमानाची नाही. १९९२ साली एका मुलीचा लग्नासाठी दाखवायचा फोटो माझ्याकडे आला. गोड चेहरा, पण एका डोळ्यात फूल पडलेलं, बुबुळावर पांढरा डाग. तिच्या वडिलांनी काही सांगितलं नव्हतं. मीच आपला हुशार. डाग चाकूने खरवडून काळा केला आणि वर झकास ठिपका दिला. फोटो पसंत पडला. मुलगी बघायला आल्यावर मुलाकडचे चिडले आणि तडक स्टुडिओत येऊन काउंटरवर हात आपटू लागले. ते मी सोसलं असतं. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतः आली आणि म्हणाली, “काका, मी डोळा लपवला नव्हता. तुम्ही लपवला.” तिचं नाव विमल. त्यानंतर विचारल्याशिवाय मी कुणाच्या डोळ्याला हात लावला नाही.

म्हणून मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. उजेड पडलेल्या चांगल्या डोळ्याला कुणी वेगळा ठिपका देत नाही. ज्या डोळ्यात काही झाकायचं असतं त्यालाच देतात.

दुपारचे तीन वाजले होते, तिकडे साडेअकरा. मी सिद्धेशला कॉल लावला. तो ऑफिसात होता.

“अप्पा, काय झालं? फोटो आला ना नीट?”

“आला. फार सुरेख आला. सिद्धू, त्याचा मूळ फोटो हवा आहे मला.”

“तोच मूळ आहे.”

“तो तुझ्या मशीनने काढलेला आहे. कॅमेऱ्याने काढलेला दे.”

मी त्याला दोन डोळ्यांचं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण मधेच हसला. “अप्पा, स्फटिक ठिपके देत नाही. ते फक्त चकाकी काढतं. रोज अब्जावधी फोटो जातात त्यातून. एवढ्या वर्षांत एकही तक्रार नाही.”

“अब्जावधी फोटोंशी मला काय करायचंय? मी एका फोटोचं विचारतोय. चकाकी डोळ्याच्या आत असेल तर तुझं मशीन काय करतं?”

“दोष समजून काढतं. बरोबरच आहे ना ते?”

“आणि रिकाम्या बुबुळात काय ठेवतं?”

तो जरा तुटक बोलला, “तुम्ही माझं नाव गावभर सांगता आणि मलाच खोटं पाडता. तिचा डोळा जन्मल्यावर तपासलाय. सगळं ठीक आहे. मला मीटिंग आहे.” पडद्यावर त्याचा चेहरा मात्र हसरा, प्रसन्न, दिवाळीतल्यासारखा होता. त्याने कॉल बंद केला.

खरं सांगतो, मला वाईट वाटलं. मुलाच्या कामात खोट काढणारा बाप मला कधी व्हायचं नव्हतं. मुलाचा भाव पडेल म्हणून गप्प बसणारे बापही असतात. मी पाणी प्यायलो आणि सुनेला फोन लावला.

मयूरी लातूरची. मोजकंच बोलते. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, “अप्पा, तुम्हाला काय वाटतंय?”

“मला वाटण्यावर जाऊ नकोस. मी डॉक्टर नाही. मला एक खरा फोटो दे, म्हणजे मी सांगतो. सिद्धू पुण्याला गेला तेव्हा मी त्याला एक छोटा कॅमेरा दिला होता. टाकून दिला असेल.”

“नाही हो. कपाटात आहे. चार्जरसकट, पिशवीत घालून ठेवलाय त्यांनी.”

हे ऐकून मला त्या गडबडीतही बरं वाटलं. मी तिला सांगितलं, खोलीचे पडदे ओढ, बाळाला मांडीवर धर, पाचेक फुटांवरून फ्लॅश मारून समोरून फोटो काढ. लाल डोळे घालवायचं बटण असेल तर ते बंद कर. लाल डोळेच हवे आहेत.

“काढला. पण पाठवू कसा? कॉम्प्युटरवर घेतला तरी पाठवताना स्फटिक होणारच. आता कुठलंच नेटवर्क त्याच्याशिवाय नाही.”

फोटो पाठवायचा, पण तो फोटो आहे हे वाटेत कुणाला कळू द्यायचं नाही, असा तो पेच होता. मला आमच्या खाकी पाकिटांची आठवण झाली. निगेटिव्ह आम्ही खाकी पाकिटात घालून चिकटवून द्यायचो, वाटेत कुणाचा हात लागू नये म्हणून. मी म्हणालो, “फाइलला कुलूप घाल. आत काय आहे हे दिसलंच नाही तर मशीन रेखाटणार काय?”

“हो की!” ती म्हणाली. “पण कुलूपबंद फाइल नेटवर्क मागच्या रांगेत टाकतं. तास दोन तास लागतील.”

“लागू दे. कुलपाचा नंबर काय घालतेस?”

“आमच्या घरातलं प्रत्येक कुलूप एकाच नंबरने उघडतं, अप्पा. चार एक सात शून्य नऊ.”

मी मागे वळून काउंटरमागच्या फ्रेमकडे पाहिलं. तो सिद्धेशच्या पालथ्या फोटोच्या निगेटिव्हचा नंबर होता. त्याने लहानपणी फ्रेमच्या मागे वाचून पाठ केला असणार.

फाइल यायला अडीच तास लागले. स्टुडिओतला जुना कॉम्प्युटर फक्त प्रिंटरसाठी ठेवलेला, त्याच्यात स्फटिक नव्हतं. महानंदा शेजारी येऊन बसली. तिला मी काही सांगितलं नव्हतं, तरी ती शेंगा निवडायच्या सोडून आली होती. आकडे टाकले. फोटो वरून खाली हळूहळू उघडला. थोडा हललेला, गालावर फ्लॅशचा भपका, मागे कपड्यांचा ढीग. बऱ्याच दिवसांनी मी खराखुरा फोटो बघत होतो.

उजवा डोळा लाल होता. फ्लॅशचा उजेड थेट बुबुळातून मागच्या पडद्यावर आपटून परत आला की तिथलं रक्त दिसतं, म्हणून डोळा लाल येतो. तो निरोगी असतो. असे लाल डोळे काळे करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

डावा डोळा पांढरा होता. अंधारात मांजराचा चमकतो तसा.

“ह्ये काय ओ?” महानंदाने माझा दंड धरला.

मी मयूरीला फोन केला. आवाज सरळ ठेवला. “पोरी, आजच्या आज डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्यावर ढकलू नकोस. कॅमेरा सोबत ने, आणि फोटो कॅमेऱ्याच्याच पडद्यावर दाखव. फोनवर दाखवू नकोस.”

शेवटचं वाक्य मी दोनदा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धेशचा कॉल आला. डाव्या डोळ्याच्या पडद्यावर गाठ होती. लहान मुलांना होणारा कॅन्सर. जन्मल्यावर तपासलं तेव्हा ती नव्हती, नंतर वाढली. अजून डोळ्याच्या बाहेर पडलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, आणखी तीन-चार महिने गेले असते तर डोळा काढावा लागला असता, आणि कदाचित त्यानेही भागलं नसतं.

“अप्पा,” तो म्हणाला, आणि रडू लागला. हुंदके येत होते. पडद्यावर मात्र माझा मुलगा नीट भांग पाडून, ताजातवाना, किंचित हसत बसलेला होता. रडका चेहरा मशीनने कधी पाहिलाच नव्हता, मग रेखाटणार कुठून? मी फोन पालथा घातला आणि नुसता आवाज ऐकला.

“रड,” मी म्हणालो. “मी बघत नाहीये. ऐकतोय.”

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “मी तिला रोज बघत होतो. रोज वीस फोटो काढत होतो. माझ्याच मशीनने माझ्यापासून लपवलं.”

मला विमल आठवली. मी त्याला तिची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. महानंदालाही मी ती कधी सांगितली नव्हती. सांगून झाल्यावर म्हणालो, “माझ्या हातून एका मुलीच्या बाबतीत झालं ते मी निस्तरू शकलो नाही. तुझ्या हातात अजून आहे.”

उपचार सात महिने चालले. औषधाची सलाइन, मग लेझर, मग परत तपासणी. महानंदा तिकडे जाऊन राहिली. मी इथे स्टुडिओ उघडा ठेवला, कारण बंद ठेवला असता तर वेड लागलं असतं. गिऱ्हाइकांना स्फटिकाबद्दल सांगणं मी बंद केलं होतं. विचारलं तर विषय बदलायचो.

त्या सात महिन्यांत सिद्धेशने काय केलं हे मला मयूरीकडून कळलं. तो कंपनीत वरिष्ठांपुढे तो छोटा कॅमेरा घेऊन उभा राहिला आणि दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. ते म्हणाले, लाखात एखादी अशी केस. तो म्हणाला, ती केस माझ्या घरी आहे, आणि बाकीच्या कुणाच्या घरी आहेत हे तुम्हाला कधी कळणारच नाही. ते म्हणाले, गुपचूप दुरुस्त करू. तो म्हणाला, गुपचूप नाही, लोकांना सांगून. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांना आधी. त्याला स्फटिकाच्या कामावरून काढून कुठल्याशा मागच्या खोलीत बसवलं. चार महिने तो तिथे बसला आणि त्याने एक छोटी यंत्रणा लिहून काढली. फोटोचं पत्र आधीसारखंच झटकन जातं, पण त्याच्यामागे मूळ फोटो कुलूपबंद होऊन, कुणाचाही हात न लागता, सावकाश पोचतो. आणि मशीनने जिथे स्वतःच्या मनाने काही भरलं असेल तिथे बोट ठेवलं की मूळ दिसतं. डोळ्याला तर मशीनने हातच लावायचा नाही. शेवटी कंपनीने ते घेतलं. घ्यावंच लागलं, कारण त्याने स्वतःच्या नावाने, स्वतःची चूक म्हणून, सगळं जाहीर लिहिलं होतं. त्यानंतरच्या वर्षभरात वेगवेगळ्या देशांतून सव्वीस आईबापांची पत्रं त्याला आली. सव्वीस मुलांचे डोळे.

त्या यंत्रणेचं नाव त्याने ‘पाकीट’ ठेवलं. फिनलंडमधले लोक ते ‘पाकीत’ असं म्हणतात. हा शब्द कुणाचा, यावर त्या शिक्षिकाबाईंशी वाद घालायला मी गेलो नाही. पण माझा ऊर भरून आला, हे कबूल करतो. स्फटिक बनवलं तेव्हा माझा मुलगा हुशार आहे हे मला कळलं होतं. भर सभेत उभा राहून ‘चूक माझी आहे’ म्हणाला तेव्हा तो माझ्याहून चांगला माणूस आहे हे कळलं. मी विमलच्या घरी जाऊन कधी तेवढंही म्हणालो नव्हतो.

यंदाच्या जानेवारीत, २०४६ साली, ते तिघं बार्शीला आले. गिजू अडीच वर्षांची झाली आहे. डावा डोळा शाबूत आहे. त्याने तिला अंधुक, एका बाजूचंच दिसतं, पण ती त्याची जराही फिकीर करत नाही. आल्या आल्या तिने माझ्या पेन्सिलींचे डबे उलटे केले आणि म्हणाली, “आज्जा, तुझे किती खडू!”

पालथं घालण्याचं वय निघून गेलं होतं. मी तिला स्टुडिओतल्या जुन्या लाकडी घोड्यावर बसवलं. सिद्धेशच्या वेळचा कॅमेरा काढला, त्यात जपून ठेवलेली रंगीत फिल्म घातली, आणि फ्लॅश मुद्दाम अगदी समोरून लावला. दर सहा महिन्यांनी असाच फोटो घ्या, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. गिजू घोड्याचे कान धरून खदाखदा हसली तेव्हा मी बटण दाबलं.

वीस बाय चोवीसचा प्रिंट टेबलावर आला. उजवा डोळा लालबुंद. डावा पांढरट, गाठ जळाली तिथला व्रण उजेडात चमकत होता. बाकी सगळी गिजू : गालाची खळी, पुढचे दोन फाकलेले दात, नाकाखाली वाळलेला शेंबूड.

महानंदा हळूच म्हणाली, “अवो, तेवढ्या डोळ्यात एक ठिपका तरी द्या की. लोकं इचारतील.”

“विचारू देत,” मी म्हणालो. “सांगायला आहे ना माझ्याकडे.”

सिद्धेश दारात उभा होता. मी प्रिंट पालथा केला, शिक्का शाईत दाबून मागे उमटवला. नंबर लिहिला, तारीख लिहिली. रिटचच्या पुढे पेन नेलं आणि थांबलो. साठ वर्षं त्या जागी माझी सही आहे.

मी पेन सिद्धेशपुढे धरलं.

“मी? मी काय केलंय याच्यात?”

“काही केलं नाहीस, ते लिही. आणि खाली सही कर.”

तो टेबलावर वाकला. त्याचा हात माझ्यासारखाच स्थिर आहे, हे मला त्या दिवशी दिसलं. त्याने रिटचच्या पुढे ‘नाही’ असं लिहिलं, त्याखाली पूर्ण नावाने सही केली, सिद्धेश मल्लिनाथ हिंगमिरे, आणि शाई वाळेपर्यंत तसाच फुंकर घालत उभा राहिला. मग आम्ही दोघांनी मिळून फ्रेम त्याच्या फोटोशेजारी टांगली.